चार ओमचे स्पीकर

पोलादपूर,
१० फेब्रुवारी २००२

प्रिय विपुल,

तू पाठवलेल्या दोन्ही स्पीकरांतले वरचे, बारीक आवाज काढणारे छोटे ट्विटर जळाले, आणि ते जळाल्याचं या घरात फक्त मला कळलं. म्हणून हे पत्र. तुझ्याबरोबर तिकडे असतो त्या सुनीलची रजा संपली, तो मंगळवारी परत ओमानला निघतोय, त्याच्या हाती देते. महिनाअखेर तू कंपनीच्या कागदावर पुढच्या तीन वर्षांची सही करणार आहेस. त्याआधी हे वाच, आणि पूर्ण वाच. तुला अर्धं वाचून बाकीचं स्वतःच ठरवायची सवय आहे, म्हणून क्रमाने सांगते.

दिवाळीआधी टेम्पोतून ती खोकी उतरली तेव्हा मला वाटलं तू कपाट पाठवलंस. चार माणसांनी ओटीवर आणली. उघडली तर माझ्या छातीला लागतील असे दोन काळे खांब. सोबत तुझी चिठ्ठी, "बाबांना ऐकायला. अ‍ॅम्प्लिफायर तिकडेच मॅच करून घ्या, इथून पाठवायला जड होतो." दोन खांब समुद्र ओलांडून आले आणि अ‍ॅम्प्लिफायर तेवढा जड झाला! बैलगाडी पाठवून द्यायची आणि बैल तुमचे तुम्ही बघा म्हणायचं, त्यातला प्रकार. बाबा मात्र खोक्यातला थर्माकोलसुद्धा टाकू देईनात. तो अजून माळ्यावर आहे आणि उंदरांची सोय झाली आहे.

स्पीकरच्या पाठीवर चार ओहम लिहिलेलं आहे. बाबांनी ते मोठ्याने "चार ओम" असं वाचलं. शेजारच्या बनुबाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ओमानवरनं आलेत ना गो, म्हणून ओम छापलाय. पोरगा देवाला विसरला नाय तुझा." मी आत चहा ठेवायला गेले आणि बाहेर आले तर दोन्ही खांबांना हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची फुलं. बाबांनी अडवलं नाही. उलट म्हणाले, "असू दे, यंत्रच आहे." मी दोन्ही स्पीकर ओल्या फडक्याने पुसले. कुंकवाचा डाग एकाच्या कोपऱ्यावर अजून आहे.

माहितीपुस्तिका मी वाचली. घरात ते काम दुसरं कोणी करत नाही. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. चार ओहमचा स्पीकर म्हणजे अडथळा कमी, म्हणून तो अ‍ॅम्प्लिफायरकडून प्रवाह जास्त ओढणार. तेव्हा चार ओहम पेलतो असं ज्याच्यावर स्पष्ट लिहिलं आहे आणि जो एकेका बाजूला साठ-सत्तर तरी खरे वॅट देतो, असाच अ‍ॅम्प्लिफायर हवा. कमी ताकदीचा घेऊन त्याचा कान पूर्ण पिळला तर त्याचा आवाज फाटतो, आणि तो फाटका आवाज आधी ट्विटरला जाळतो. हे सगळं त्या पुस्तिकेत इंग्रजीत लिहिलेलं होतं. ओहमचा नियम तर मी दहावीला शिकवत होते. तूही माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसून तो ऐकला आहेस, निदान बसला तरी होतास.

मग आम्ही महाडला गेलो. बाजारपेठेत विनोदचं दुकान आहे, मिक्सर, इस्त्र्या, टीव्ही, सगळं एकावर एक रचलेलं. मी म्हटलं, या स्पीकरांना मॅच होईल असा अ‍ॅम्प्लिफायर दाखवा. त्याने विचारलं, "स्पीकर कलरने कसे आहेत?" मी म्हटलं, काळे. "मग मॅडम, हा काळा घ्या, एकदम म्याचिंग. चंदेरी उठून दिसेल, पण म्याचिंग नाही होणार." मी त्याला सांगितलं की मी ब्लाउजपीस घ्यायला आलेले नाही. चार ओहम चालेल का ते सांगा. तर म्हणतो, "चालेल काय, धावेल!" मी अ‍ॅम्प्लिफायर उलटा करून पाहिला. मागे आठ ओहम लिहिलेलं. पुढे मात्र सोनेरी अक्षरांत हजार वॅट. सोळा-सतरा वॅटच्या वस्तूवर हजार लिहायचं आणि तोंड वर करून विकायचं, याची शिसारी आली मला. मी आठावर बोट ठेवलं. त्यावर विनोद काय म्हणाला ते ऐक. "मॅडम, आठाचा हाय ना? मग चार आरामात बसतील. आठात चार मावत नाहीत का?" आणि तुझे बाबा माझ्याकडे न बघता मान डोलावून म्हणाले, "मावतात, मावतात."

मला भर दुकानात रडू यायचं बाकी होतं, रागाने. निवृत्त शिक्षिकेचा नवरा, आयुष्यभर तहसील कचेरीत कारकुनी केलेला माणूस, आठात चार मावतात म्हणतो! विनोदने त्याच्याकडचे दोन स्पीकर जोडून गाणं लावलं. बाबा म्हणाले, वाढवा. त्याने वाढवलं. आणखी वाढवा. शोकेसची काच थरथरायला लागली, गिऱ्हाइकं बाहेर जाऊन उभी राहिली, पलीकडचा पानवाला दोन्ही हातांनी खुणा करत होता. बाबा मात्र स्पीकरवर तळहात ठेवून, मान खाली घालून उभे. नंतर म्हणाले, "हाच बांधा." मी बाहेर निघून गेले. एसटीत परतताना एक शब्द बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही काय झालं म्हणून.

इथे गावात तर आवाज म्हणजेच मोठेपणा झाला आहे. कुशाबा मंडपवाला, माझाच विद्यार्थी, दारातून ते खांब बघून आत आला. म्हणाला, "बाई, ह्या खेळण्यानं काय होतंय? माझा दोन हजारवाला लावा. हितं लावलात तर कापड्याला ऐकाय जाईल." मी विचारलं, कापड्याच्या लोकांना त्यांचं काम नाही का? तर हसतो. "तुमी शाळेत पण असंच करायचात, उत्तर आलं तरी कान धरायचात." जाता जाता बाबांना म्हणाला, "आबाजीकाका, काय लागलं तर बोलवा." बाबा म्हणाले, "हो हो, सावलीतच ठेवलेत." कुशाबा माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, चल, निघ आता. थट्टा करण्याची ही यांची नवी पद्धत असेल असं मला वाटलं.

त्यानंतर दीड महिना मी काय भोगलं ते तुला लिहून कळणार नाही. सकाळी चहा झाला की बाबा खुर्ची ओढून उजव्या खांबाला गुडघा टेकवून बसायचे आणि बटण शेवटापर्यंत. मांडणीवरची भांडी वाजायची, भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. आवाज गोडही नव्हता. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. अ‍ॅम्प्लिफायर इतका तापायचा की बनुबाईंचं मांजर थंडीत त्याच्यावर येऊन निजायचं. मी सांगून थकले की चार ओहम याला पेलत नाहीत, जळेल. ऐकतो कोण? आणि घरातला जुना टेप त्याला जोडून लावायचे काय, तर एकच कॅसेट. कापड्याच्या देवळातलं भजन, तू सातवीत असताना मामाच्या टेपरेकॉर्डरवर घेतलेलं. तेही पूर्ण नाही. सुरुवात झाली की बंद, मागे फिरव, पुन्हा सुरुवात. पुन्हा मागे. माणसाने एखादी गोष्ट ऐकावी तर नीट ऐकावी. ज्या मंडळात बत्तीशी पडेपर्यंत टाळ वाजवेन म्हणत होते, ते मंडळ तर त्यांनी गेल्या वर्षीच सोडलं. कारण सांगितलं की पोरं सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतात, किळस येते. ते मला पटलं होतं. किळस येण्यासारखंच गातात ती.

संक्रांतीला मी त्यांना दुकानात पाठवलं, स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं, तीळ आणा. ते आले ते नीळ घेऊन. कपड्यांना घालायची नीळ! गूळ किसून परातीत तयार, शेंगदाणे भाजलेले, आणि समोर निळी पुडी. मी म्हटलं, अहो, निळीच्या वड्या करू का? तर म्हणतात, "वाड्यावर कशाला जायचं आता?" बनुबाई पदराने तोंड झाकून हसत होत्या. मला हसू आलं नाही. मला त्या माणसाचा वीट आला होता. मन कशातच ठेवायचं नाही, समोरचा काय बोलतो तिकडे लक्ष द्यायचं नाही, आणि दिवसभर गावाला ऐकवत बसायचं.

मग एका सकाळी तीच कॅसेट लागली आणि माझ्या हातातलं काम थांबलं. पखवाज होता, पेटी होती, बुवांचा आवाज होता, पण गोधडीखालून आल्यासारखा. टाळ नव्हते. एवढ्या दहा-बारा जोड्या टाळांचा खणखणाट, तो पुसून टाकल्यासारखा गेलेला. मी खांबाजवळ जाऊन वरच्या छोट्या जाळीला कान लावला. गप्प. दुसऱ्याला लावला. तोही गप्प. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे बरोबर जळाले होते. मी रागाने वळले, बघा म्हणाले होते ना, असं म्हणायला. आणि बाबा तिथेच बसलेले, गुडघा टेकवून, बोटांनी ठेका धरून, नेहमीसारखेच. तोंडावर काही फरक नाही. ज्याने उभी हयात टाळ वाजवले, त्याच्या कॅसेटमधले टाळ गेले आणि त्याला कळलं नाही. माझ्या डोक्यात नीळ आली, सावली आली, आठात चार आले.

दुपारी ते पेपर वाचत बसले असताना मी भिंतीवरचे त्यांचे टाळ काढले आणि त्यांच्या पाठीमागे उभी राहून एकदा वाजवले, हळू. पेपरचं पान हललं नाही. जरा जोरात वाजवले. काही नाही. पलीकडून बनुबाईंनी विचारलं, "आज भजान का गो?" मग मी वरवंटा उचलून जमिनीवर आपटला. लगेच मान वळली, "काय पडलं?" म्हणजे जाड आवाज येतो, बारीक येत नाही. जमिनीचा येतो, माणसाचा येत नाही. मी टाळ त्यांच्यासमोर धरून वाजवले. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हल्ली तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता." एवढंच. आणि पेपर पुन्हा तोंडासमोर.

महाडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ओढतच. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. दोन्ही कानांचे वरचे सूर गेलेत. एकदम नाही, चार-पाच वर्षांत हळूहळू. वयाने जातात म्हणाले. अशा माणसाला समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. तो अंदाजाने उत्तरं देतो आणि लोकांना वाटतं विक्षिप्त झाला, नाहीतर रागावला. कानामागे लावायचं यंत्र दिलं आहे. जे सूर गेले तेवढेच ते वाढवतं, बाकीचे नाही. तेव्हा शेवटी या घरात जमेल असा अ‍ॅम्प्लिफायर आला म्हणायचं. शेंगदाण्याएवढा आहे आणि त्याची शिट्टी वाजते. बाबा तो सदऱ्याच्या खिशात ठेवतात. लावला तर लोक म्हणतील आबाजी म्हातारा झाला. आठात चार मावतात म्हटलेलं चालतं, म्हातारा म्हटलेलं चालत नाही. विनोदच्या काउंटरवर मी तो हजार वॅटचा डबा नेऊन ठेवला. त्याने हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला, थंड होता तरी. "मॅडम, वापर जास्त झाला असंल." मी म्हटलं, वापर नाही, खोटं जास्त झालं. तो डबा परत घेऊन त्याने मला एक इस्त्री दिली. ती चांगली आहे.

आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. गेल्या शुक्रवारी फोनवर तू मला म्हणालास, "दिवाळीनंतर मी बाबांना सरळ विचारलं होतं. करार संपतोय, मी परत येऊ का? ते 'नको नको' म्हणाले. त्यांचा राग गेलेला नाही, आई. मी सही करतोय." मी फोन ठेवून बाबांसमोर गेले आणि कागदावर लिहिलं, विपुलने दिवाळीनंतर तुम्हाला काय विचारलं होतं? त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "आणखी काही पाठवू का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, नको नको. दोन खांब बास झाले." तुला ते नको म्हणाले नाहीत, विपुल. खोक्यांना म्हणाले. फोन हातात आला की "बरं बरं, तब्येत सांभाळ, आईला देतो" म्हणतात, तो राग नाही. ते उत्तर कशालाही चालतं, म्हणून म्हणतात. तू एमआयडीसीतली नोकरी सोडून गेलास तेव्हा होता राग, नाही म्हणत नाही. पण त्या कॅसेटच्या सुरुवातीला, टाळ लागायच्या आधी, तुझा आवाज आहे. "बाबा, लाल बटण दाबलं, आता चालू करा!" सातवीतला, किनरा. दीड महिना बटण शेवटापर्यंत पिळून ते तेवढंच शोधत होते आणि त्यांना ते सापडत नव्हतं. हे मी त्यांना विचारलेलं नाही, विचारणारही नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच "बाबांना दे" म्हणाला असतास आणि पुन्हा तेच झालं असतं. ये म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुझं तिथे चांगलं चाललं असेल तर सही कर. पण त्यांनी नको म्हटलं म्हणून करू नकोस, कारण ते म्हटलेलं नाही. जे विचारायचं ते त्यांना कागदावर विचार, मोठ्या अक्षरात, त्यांच्या नावाने. डोळे अजून शाबूत आहेत. उत्तर ते स्वतः लिहितील, मी शुद्धलेखनही तपासणार नाही.

तुझीच,
आई

सुनीलच्या हाती सोपवलं ते असं. हे पत्र. जळालेले ट्विटर दोन, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले; तिकडे त्याच जातीचे मिळतात का बघ. तुझ्या बाबांचं नाव आणि पत्ता घातलेली पाकिटं, तिकिटं तिथली तू लाव. संक्रांतीची नीळ, एक पुडी, न फोडलेली. तिळाच्या वड्या, एक डबा. रथसप्तमी व्हायची आहे, तेव्हा उशीर झालेला नाही. तीळ बाबांनीच आणले. या वेळी मी कागदावर लिहून दिलं होतं.